डॉक्टर हवा, विद्यार्थी नको

1928 साली दोन अमेरिकन माणसं माँट्रियलला आली. पहिला वाइल्डर पेनफिल्ड. जन्म स्पोकेनचा, शिक्षण प्रिन्स्टन, ऑक्सफर्ड आणि जॉन्स हॉपकिन्समधलं. मेंदूवर शस्त्रक्रिया करणारा तयार डॉक्टर. दुसरा चार्ल्स ड्रू. वॉशिंग्टन डी.सी.चा कृष्णवर्णीय तरुण, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजात मैदान गाजवलेला. त्यानं बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात खेळाचं प्रशिक्षण देण्याची नोकरी करून पैसे साठवले होते आणि आता तो मॅकगिल विद्यापीठात वैद्यकीच्या पहिल्या वर्षात बसणार होता. पेनफिल्डनं 1934 मध्ये माँट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूट उभी केली आणि तो कॅनडाचाच झाला. ड्रू 1933 मध्ये 137 जणांच्या वर्गात दुसरा येऊन पदवीधर झाला, अमेरिकेला परतला आणि रक्त साठवण्याच्या शास्त्रात त्यानं जे काम केलं, त्यावर दुसऱ्या महायुद्धातल्या रक्तपेढ्या उभ्या राहिल्या.

आज हे दोघं सीमेवर आले, तर पेनफिल्डसाठी कॅनडाचे प्रांत पायघड्या घालतील. ड्रूला मात्र अर्ज करण्याजोगं कॉलेज सापडायलाच वेळ लागेल. कॅनडात शिकायला जाऊ पाहणाऱ्या अमेरिकन विद्यार्थ्याच्या प्रश्नाचं मर्म याच फरकात आहे. भाषा सारखी, अभ्यासक्रम जवळपास सारखा, अंतर काही तासांच्या ड्रायव्हिंगचं. मग दार एवढं घट्ट का, हे समजून घेतल्याशिवाय अर्जावर पैसे आणि वर्ष खर्च करू नये, असं मला मनापासून वाटतं. न्यू जर्सी, बे एरिया, शिकागोकडच्या मराठी घरांतही हा प्रश्न निघतो. मुलगी हुशार आहे, अमेरिकेत एक वर्ष प्रवेश हुकला, टोरांटोला मावशी राहते, मग तिकडे का नको?

आधी आकडे बघू. 2023 च्या प्रवेशवर्षात अमेरिकेतल्या एम.डी. महाविद्यालयांसाठी 52,577 जणांनी अर्ज केले आणि 22,981 जणांना जागा मिळाल्या. म्हणजे दर दहांतले चार जण तरी आत जातात. शिवाय ऑस्टिओपॅथीची, म्हणजे डी.ओ. पदवीची महाविद्यालयं वेगळी. कॅनडात कितीतरी वर्षं मिळून 17 वैद्यकीय महाविद्यालयं होती. 2025 मध्ये ब्रॅम्प्टनला टोरांटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचं नवं महाविद्यालय सुरू झालं आणि आणखी काही वाटेवर आहेत. तरीही पहिल्या वर्षाच्या सगळ्या देशातल्या जागा जेमतेम तीन हजारांच्या आसपास. तिथल्या स्वतःच्याच मुलांना दोन-दोन, तीन-तीन वर्षं अर्ज करावे लागतात आणि त्यांतले कित्येक आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅरिबियन बेटांवर जाऊन शिकतात. ज्या देशाची मुलं जागेअभावी बाहेर जातात, तो देश शेजाऱ्याच्या मुलांसाठी जागा राखून कशाला ठेवील?

पण कमी जागा हे अर्धंच कारण आहे. उरलेलं अर्धं पैशाचं. कॅनडात वैद्यकीय शिक्षणाचा मोठा खर्च प्रांत सरकार उचलतं. विद्यार्थी जी फी भरतो, त्यात ते शिक्षण होत नाही. पुढे तो डॉक्टर ज्या रुग्णालयात काम करील, ते रुग्णालय प्रांताच्या पैशावर चालतं आणि त्याचं बिलही प्रांताची विमायोजनाच भरते. म्हणून प्रांताच्या दृष्टीनं एक वैद्यकीय जागा म्हणजे पुढच्या तीस-चाळीस वर्षांसाठी स्वतःच्या गावांना मिळणारा एक डॉक्टर. महाराष्ट्रात नीटच्या वेळी डोमिसाईलचा दाखला हातात घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या पालकांना हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. आपल्याकडे सरकारी महाविद्यालयांत 15 टक्के जागा तरी अखिल भारतीय कोट्यात जातात. कॅनडाच्या अनेक प्रांतांत शेजारच्या प्रांतातला कॅनेडियन मुलगासुद्धा बाहेरचा धरला जातो. मग परदेशी विद्यार्थ्याची गोष्टच सोडा.

पश्चिमेकडून सुरुवात केली तर चित्र झटपट संपतं. ब्रिटिश कोलंबिया, अल्बर्टा, सस्कॅचवान, मॅनिटोबा या प्रांतांतल्या विद्यापीठांची पहिलीच अट असते कॅनडाच्या नागरिकत्वाची किंवा कायम रहिवासाची. पूर्वेच्या टोकाला, अटलांटिक प्रांतांत, जागा मुळातच शेजारच्या छोट्या प्रांतांत वाटून दिलेल्या आहेत. न्यू ब्रन्सविकची मुलं डलहौसी आणि मेमोरियल विद्यापीठांच्या जागांवर शिकतात आणि त्या जागांचे पैसे त्यांचा प्रांत मोजतो. राहिले दोन मोठे प्रांत, ऑन्टारिओ आणि क्वेबेक. खरा विषय तिथेच आहे.

ऑन्टारिओतली टोरांटो आणि मॅकमास्टर ही विद्यापीठं वर्षानुवर्षं थोडे परदेशी अर्ज घेत आली. थोडे म्हणजे अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच प्रवेश, पण दार किलकिलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये डग फोर्ड यांच्या प्रांत सरकारनं जाहीर केलं की 2026 च्या सत्रापासून प्रांतातल्या किमान 95 टक्के जागा ऑन्टारिओच्या रहिवाशांना आणि उरलेल्या 5 टक्के उर्वरित कॅनडाला. परदेशी विद्यार्थ्यांसाठी काहीच नाही. लाखो ऑन्टारिओवासीयांना घरचा डॉक्टर मिळत नाही, हे त्यामागचं कारण सांगितलं गेलं. कारण खरंच आहे. तिथल्या आपल्या नातेवाइकांना विचारा, फॅमिली डॉक्टरच्या यादीत नाव लागावं म्हणून लोक किती थांबतात ते. पण परदेशी विद्यार्थ्यांमुळे ही टंचाई आली, असं मात्र नाही. त्यांची संख्या इतकी कमी होती की ती शून्यावर आणल्यानं गावोगावच्या दवाखान्यांना काही फरक पडणार नाही. डॉक्टर मिळत नाहीत याची कारणं रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतरच्या प्रशिक्षणाच्या, जागांत, फॅमिली मेडिसिनकडे पाठ फिरवणाऱ्या पदवीधरांत आणि कागदपत्रांच्या ओझ्यात शोधावी लागतील. निर्णय राजकीयदृष्ट्या सोपा होता म्हणून तो घेतला गेला, असं माझं मत आहे. पण मत काहीही असो, अमेरिकन अर्जदारासाठी ऑन्टारिओ बंद झालं.

याचं वाईट वाटतं ते मॅकमास्टरमुळे. हॅमिल्टन शहरातल्या या विद्यापीठानं 1969 मध्ये पहिली तुकडी घेतली, ती व्याख्यानांच्या जागी रुग्णाची समस्या मध्ये ठेवून लहान गटात शिकवण्याच्या पद्धतीनं. पुढे हार्वर्डनं 1985 मध्ये स्वतःचा नवा अभ्यासक्रम आणला, तो याच धाटणीचा. पुराव्यावर आधारित वैद्यक हा शब्दप्रयोग ज्यांनी रुजवला, ते गॉर्डन गायट इथलेच. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशासाठी मुलाखत दिलेल्या अनेकांना माहीत नसतं, की ती मुलाखत ज्या पद्धतीनं झाली, तीही इथूनच आली. एक लांब व्हरांडा, ओळीनं बंद दारं, प्रत्येक दारावर एक चिठ्ठी. चिठ्ठीवर एखादा प्रसंग: तुमचा सहकारी सकाळी दारूचा वास घेऊन कामावर आला आहे, तुम्ही काय कराल? दोन मिनिटं वाचायची, घंटा होते, आत जाऊन आठेक मिनिटं बोलायचं, पुन्हा घंटा, पुढचं दार. एका परीक्षकाचा तुमच्यावर राग किंवा लोभ बसला, तरी बाकीच्या दारांआडचे परीक्षक तुम्हाला नव्यानं पाहतात. ही पद्धत जिथे घडली, तिथेच अमेरिकन मुलाला आता त्या व्हरांड्यात उभं राहता येणार नाही.

उरलं क्वेबेक. तिथली लाव्हाल, माँट्रियल आणि शेरब्रुक ही विद्यापीठं फ्रेंचमध्ये शिकवतात, म्हणून सर्वसाधारण अमेरिकन मुलासाठी ती विचारात येत नाहीत. मॅकगिल इंग्रजीत शिकवतं आणि परदेशी अर्जदारांसाठी थोड्या जागा ठेवतं. म्हणजे कॅनडात शिकायचं या अमेरिकन प्रश्नाचं व्यवहारातलं उत्तर आज बहुतेक वेळा एकाच विद्यापीठावर येऊन थांबतं.

मॅकगिल आणि अमेरिका यांचं नातं फार जुनं. मॅकगिलची वैद्यकशाखा 1829 सालची, कॅनडातली पहिली. विल्यम ऑस्लर 1872 मध्ये इथूनच पदवीधर झाले, इथेच शिकवू लागले आणि 1884 मध्ये फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात गेले. त्याच वर्षांत त्याच शहरात, विमेन्स मेडिकल कॉलेजात, आनंदीबाई जोशी शिकत होत्या. 1889 मध्ये ऑस्लर बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्सला गेले आणि विद्यार्थ्यानं पुस्तकाशेजारी नव्हे तर रुग्णाच्या खाटेशेजारी शिकावं, ही अमेरिकेच्या वैद्यकशिक्षणाची पुढची सवय त्यांच्या हातून घडली. 1910 मध्ये अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातल्या 155 वैद्यकीय शाळांची पाहणी करून जो अहवाल लिहिला, त्यात कॅनडाच्या आठ शाळा होत्या. मॅकगिल आणि टोरांटोची त्यांनी तोंड भरून स्तुती केली आणि ऑन्टारिओतल्याच लंडनच्या शाळेचे वाभाडे काढले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की फ्लेक्सनर यांनी दोन देशांना एकाच फुटपट्टीनं मोजलं. पुढची शंभर वर्षं ही फुटपट्टी बहुतांशी एकच राहिली.

जुन्या काळी कॅनडाकडे जाणारी अमेरिकन वाट सगळ्यांत जास्त मळली ती ज्यांना घरी दार बंद होतं त्यांच्या पावलांनी. व्हर्जिनियात जन्मलेल्या कृष्णवर्णीय अलेक्झांडर ऑगस्टा यांना फिलाडेल्फियात प्रवेश मिळाला नाही. ते टोरांटोला गेले, ट्रिनिटी कॉलेजात वैद्यक शिकले आणि यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात मेजर आणि सर्जन झाले. युद्धानंतर हॉवर्ड विद्यापीठाच्या वैद्यकशाखेत ते शिकवू लागले. ड्रूची गोष्ट त्यानंतर साठ-सत्तर वर्षांनी घडली, पण मुळाशी तीच. हार्वर्डनं त्याला वर्षभर थांबायला सांगितलं, हॉवर्डनं इंग्रजीचे पुरेसे तास झाले नाहीत म्हणून नाकारलं, मॅकगिलनं घेतलं. तिथे त्याला जॉन बीटी नावाचे शिक्षक भेटले आणि रक्त चढवण्याच्या प्रश्नाची गोडी लागली. 1940 मध्ये ब्रिटनला अमेरिकेतून रक्तद्रव पाठवण्याची मोहीम त्यानं सांभाळली. मग गोऱ्यांचं आणि काळ्यांचं रक्त वेगळं ठेवण्याच्या अमेरिकी लष्कराच्या धोरणाला त्यानं जाहीर विरोध केला. मॅकगिलही काही सगळ्यांना सारखं वागवत नव्हतं. ज्यू विद्यार्थ्यांवर तिथेही मर्यादा होत्या आणि स्त्रियांना वैद्यकशाखेत यायला पहिल्या महायुद्धाची वाट पाहावी लागली. पण ज्या एका माणसाला दार उघडं मिळालं, त्यानं किती लोक वाचवले, हे मोजता येण्यासारखं नाही. परदेशी विद्यार्थ्याला जागा देणं म्हणजे प्रांताचा तोटाच, असं म्हणणाऱ्यांपुढे ड्रूचं नाव ठेवावं.

आता आजच्या मॅकगिलमध्ये शिरू. पहिलं आव्हान भाषेचं. वर्ग इंग्रजीत असले तरी रुग्ण फ्रेंच बोलतो. पहिली दोन वर्षं बहुतांशी पुस्तकांत जातात, तेव्हा हे तितकंसं जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी वॉर्डात उभं राहिलं की पंच्याहत्तर वर्षांची आजी छातीवर हात ठेवून घाईघाईनं काहीतरी सांगते, तिचं फ्रेंच शाळेत शिकवतात तसं नसतं, कुटुंबातली माणसं मध्येच बोलतात आणि निवासी डॉक्टरला तुमच्याकडून दोन मिनिटांत नेमका इतिहास हवा असतो. मुंबईत पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा उत्तरेकडच्या रुग्णाचं बोलणं समजून घेणाऱ्या इंटर्नला ही धांदल ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे भाषेमागे राजकारण आणि कायदा दोन्ही आहेत. 2020 मध्ये मॅकगिलनं गातिनोला जी नवी वैद्यकीय शाखा सुरू केली, ती तर फ्रेंचमध्येच शिकवते. माँट्रियलला येणाऱ्या अमेरिकन मुलानं फ्रेंच हा छंद न मानता पहिल्या दिवसापासून विषय मानावा.

दुसरी अडचण त्याहून बारीक, पण रोज भेटणारी. अमेरिकेत आणि आपल्याकडेही रक्तातली साखर मिलिग्रॅममध्ये मोजतात. उपाशीपोटी 100 म्हटलं की पुण्यातल्या आजोबांनाही कळतं. कॅनडाच्या रिपोर्टवर तीच साखर 5.5 लिहिलेली असते, कारण तिथे मोजमाप मिलिमोलमध्ये. अठरानं गुणलं की ओळखीचा आकडा येतो. क्रिएटिनिन आपल्या सवयीचं 1, ते तिथे 88. अमेरिकन विद्यार्थी दिवसभर वॉर्डात 5.5 आणि 88 या आकड्यांत विचार करतो आणि रात्री अमेरिकेच्या परवान्याच्या यू.एस.एम.एल.ई. परीक्षेसाठी 100 आणि 1 या आकड्यांत. परीक्षेच्या घाईत एक चुकीचं गुणोत्तर डोक्यात आलं की उत्तर गेलं. त्याचे बहुतेक कॅनेडियन वर्गमित्र ही परीक्षा देत नाहीत, त्यांना कॅनडाची एम.सी.सी.क्यू.ई. पुरते. त्यामुळे महाविद्यालय त्यासाठी वेगळा वेळ काढून देईल, शिकवणी घेईल, अशी आशा धरू नये. 2022 पासून यू.एस.एम.एल.ई.च्या पहिल्या टप्प्याचे गुण मिळत नाहीत, फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण. त्यामुळे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांवर सगळा भार येतो, तोही नेमका वॉर्डाच्या वर्षांत.

ही परीक्षा टाळता येत नाही, कारण पदवीनंतर अमेरिकन मुलाला बहुतेक वेळा घरीच परतावं लागतं. कॅनडातली रेसिडेन्सी कार्म्स नावाच्या केंद्रीय व्यवस्थेतून मिळते आणि तिची सर्वसाधारण अट आहे कॅनडाचं नागरिकत्व किंवा कायम रहिवास. म्हणजे चार वर्षं कॅनेडियन रुग्णांवर शिकून तयार झालेला मुलगा त्याच रुग्णालयात पुढे राहायला अपात्र. मग तो अमेरिकेच्या मॅचमध्ये, म्हणजे तिथल्या रेसिडेन्सी वाटपात, उतरतो. तिथे त्याच्या हातात एक मोठा हुकमी पत्ता असतो: तो अमेरिकन नागरिक आहे, त्याला व्हिसा लागत नाही. त्याच वर्गातल्या कॅनेडियन मित्राला अमेरिकेत रेसिडेन्सी करायची तर जे-1 व्हिसासाठी स्वतःच्या सरकारकडून गरजेचं पत्र आणावं लागतं.

पूर्वी त्याच्या हातात दुसराही पत्ता होता. अमेरिकेच्या महाविद्यालयांना मान्यता देणारी एल.सी.एम.ई. ही संस्था 1942 पासूनची. कॅनडाची स्वतःची सी.ए.सी.एम.एस. 1979 मध्ये आली आणि दोघी मिळून कॅनेडियन महाविद्यालयांना मान्यता देत. म्हणून अमेरिकेतल्या रेसिडेन्सी प्रमुखाच्या टेबलावर मॅकगिलचा अर्ज आला, की तो मिशिगन किंवा ओहायोच्या अर्जासारखाच वाचला जाई. ही जोडव्यवस्था जुलै 2025 पासून संपली. आता कॅनडाच्या महाविद्यालयांना फक्त कॅनडाची संस्था मान्यता देते. परदेशी पदवीधरांची कागदपत्रं तपासणाऱ्या ई.सी.एफ.एम.जी.चा विषय, जो आजवर भारतातून आलेल्या डॉक्टरांच्या वाट्याला येई, तो आता मॅकगिलवाल्यांच्याही वाट्याला आला. शिक्षणाचा दर्जा रातोरात बदललेला नाही, हे रेसिडेन्सी प्रमुख जाणतात. पण अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना प्रत्येक राज्य वेगळा देतं आणि राज्यांच्या नियमांतली वाक्यं माणसांच्या समजुतीपेक्षा सावकाश बदलतात. ज्या राज्यात पुढे काम करायचं आहे, त्या राज्याच्या मंडळाला आजच लेखी विचारून घ्यावं. प्रवेश घेतल्यावर नव्हे, अर्ज करताना.

परदेशी पदवीधर या शिक्क्याचं वजन किती, ते मॅचच्या आकड्यांत दिसतं. 2024 मध्ये अमेरिकेच्या एम.डी. महाविद्यालयांच्या अंतिम वर्षातल्या सुमारे 93 टक्के मुलांना रेसिडेन्सी मिळाली. परदेशात शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे 67 टक्क्यांना. या दुसऱ्या गटात बहुसंख्य मुलं कॅरिबियन महाविद्यालयांतली असतात. त्यांना आणि मॅकगिलच्या पदवीधरांना एका मापानं तोलणं अन्याय्य होईल. कॅरिबियनमध्ये प्रवेश सोपा, गळती मोठी. मॅकगिलमध्ये प्रवेशच इतका कठीण की आत गेलेला सहसा बाहेर येतो तो डॉक्टर होऊनच. म्हणूनच अमेरिकेत प्रवेश मिळाला नाही तर कॅनडा, हा विचार उलटा आहे. ज्याला मॅकगिल परदेशी गटात घेईल, त्याला अमेरिकेत चांगल्या ठिकाणी प्रवेश मिळण्याची शक्यता जास्तच असते.

पैशाचंही गणित बदललंय. परदेशी विद्यार्थ्याची फी क्वेबेकच्या रहिवाशाच्या फीच्या अनेक पट असते. अमेरिकेतल्या खासगी महाविद्यालयांशी तुलना केली आणि कॅनेडियन डॉलर स्वस्त आहे हे धरलं, तर ती परवडू शकते. अमेरिकेत कर्ज काढून शिकलेल्या डॉक्टरवर पदवीच्या दिवशी साधारण दोन लाख डॉलरचं ओझं असतं. मॅकगिलसारख्या मान्य परदेशी संस्थेत शिकायलाही अमेरिकन नागरिकाला संघराज्याचं विद्यार्थी कर्ज मिळत आलं आहे. पण 2025 च्या कायद्यानं ग्रॅड प्लस नावाचं, हवं तितकं देणारं कर्ज नव्या विद्यार्थ्यांसाठी 1 जुलै 2026 पासून बंद केलं आणि डॉक्टरकीसारख्या शिक्षणाला वर्षाला 50 हजार, एकूण 2 लाख डॉलरची मर्यादा घातली. त्यापुढचे पैसे घरातून किंवा खासगी बँकेतून. परदेशातल्या महाविद्यालयासाठी खासगी बँक किती उत्साह दाखवील, हे प्रवेशपत्र येण्याआधी विचारून ठेवावं.

इथवर आपण सरसकट अमेरिकन म्हटलं, पण ज्यांच्यासाठी हा विषय खरोखर उपयोगाचा आहे, ते दोन गट वेगळे आहेत.

पहिला गट दुहेरी नागरिकांचा. बफेलो, डेट्रॉईट, सिॲटल, बोस्टन या पट्ट्यात अशी कितीतरी मुलं आहेत ज्यांची आई किंवा वडील कॅनडात जन्मले आणि जी स्वतः जन्मानं कॅनडाची नागरिक आहेत, पण त्यांनी तो दाखला कधी काढलेलाच नाही. 2025 च्या अखेरीस वंशपरंपरेनं मिळणाऱ्या नागरिकत्वाचा कायदा आणखी सैल झाला. असा दाखला असला की कार्म्सचं दार उघडतं, म्हणजे पदवीनंतर कॅनडात राहता येतं. मात्र प्रवेशाच्या वेळी प्रांत नागरिकत्वापलीकडे जाऊन विचारतो, तुम्ही राहता कुठे? बफेलोत वाढलेला कॅनेडियन नागरिक ऑन्टारिओच्या दृष्टीनं ऑन्टारिओचा रहिवासी नसतो. आधी तिथे राहायला जावं लागतं. कुठे वर्षभर, कुठे त्याहून जास्त.

दुसरा गट आपल्या जवळचा. एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्या भारतीय आईवडिलांची मुलं. दोन-तीन वर्षांची असताना पुण्या-नाशिकहून आलेली, शाळा-कॉलेज सगळं अमेरिकेत, बोलणं-चालणं अमेरिकन, आणि पासपोर्ट भारतीय. ग्रीन कार्डाची रांग दशकांची. एकविसाव्या वर्षी एच-4 व्हिसा संपतो आणि ही मुलं आपल्याच गावात परदेशी विद्यार्थी होतात. अमेरिकेतली फार थोडी वैद्यकीय महाविद्यालयं परदेशी विद्यार्थी घेतात. त्यांतली काही तर सगळ्या वर्षांची फी आगाऊ बँकेत ठेवायला सांगतात. संघराज्याचं कर्ज नाही. कॉलेजात उत्तम गुण मिळवलेल्या मुलीनं स्वयंपाकघराच्या टेबलावर ही यादी उघडून बसावं आणि एकेका नावापुढे नागरिक वा कायम रहिवासी एवढेच शब्द वाचत जावं, यासारखं जिवाला लागणारं दुसरं काही नाही. या मुलांबद्दल दोन्ही देशांत जितकं बोललं जायला हवं, तितकं बोललं जात नाही.

त्यांच्यासाठी कॅनडा हा विद्यार्थी व्हिसाचा प्रश्न नाहीच. तो कुटुंबाच्या स्थलांतराचा प्रश्न आहे. जुलै 2023 मध्ये कॅनडानं अमेरिकेतल्या एच-1बीधारकांसाठी खुल्या वर्क परमिटचे अर्ज घ्यायला सुरुवात केली, तेव्हा 10,000 अर्ज दोन दिवसांच्या आत भरून गेले. त्यात अशी किती घरं असतील, याची कल्पना करता येते. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्री या स्थलांतर योजनेतून आईवडिलांना कायम रहिवास मिळाला, तर बावीस वर्षांखालचं अविवाहित मूल त्यांच्यासोबत कायम रहिवासी होतं. अमेरिकेत एकवीस, इथे बावीस. मधलं ते एक वर्ष काही घरांसाठी सगळं काही असतं. मग प्रांतात ठरलेला काळ राहिलं की ते मूल प्रांताचं धरलं जातं. फी रहिवाशाची, कार्म्स खुलं, पुढची नोकरी तिथेच. मात्र ही वाट धरणाऱ्यानं परतीचा विचारही आधीच करावा. कॅनडात डॉक्टर होऊन, कॅनडाचं नागरिकत्व घेऊन अमेरिकेत परतायचं ठरवलं, तर शेजारी देशांच्या व्यापार करारातला सोपा टी.एन. व्हिसा शिकवणं आणि संशोधन यांपुरताच डॉक्टरांना मिळतो. रुग्ण तपासायला तो चालत नाही.

ज्याला शेवटी कॅनडात काम करायचं आहे, पण जो आज अमेरिकन नागरिक आहे आणि अमेरिकेतच प्रवेश मिळवू शकतो, त्याच्यासाठी पेनफिल्डची वाट अजून उघडी आहे, नव्हे, अलीकडे ती रुंद झाली आहे. नोवा स्कोशियानं 2023 मध्ये अमेरिकेत शिकलेल्या डॉक्टरांवरच्या अटी सैल केल्या. ब्रिटिश कोलंबियानं 2025 मध्ये वॉशिंग्टन, ओरेगन आणि कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर-नर्सना उघड बोलावणं धाडलं आणि अमेरिकन बोर्डाचं प्रमाणपत्र असलेल्यांना पुन्हा परीक्षा न देता नोंदणीची सोय केली. फक्त वर्षांचा हिशेब आधी मांडावा. अमेरिकेत इंटर्नल मेडिसिन तीन वर्षांचं, कॅनडात चारचं. बालरोग तिथे तीन, इथे चार. मानसोपचार तिथे चार, इथे पाच. फॅमिली मेडिसिन मात्र उलटं; अमेरिकेत तीन वर्षांचं, कॅनडात दोनच. ते तीन वर्षांचं करायचा बेत होता, तो 2023 मध्ये मागे पडला. म्हणजे अमेरिकेत फॅमिली मेडिसिन केलेला डॉक्टर कॅनडाला हवा असतो त्याहून एक वर्ष जास्त शिकूनच येतो, आणि त्याच डॉक्टरांची वाट पश्चिमेच्या प्रिन्स जॉर्जपासून पूर्वेच्या केप ब्रेटनपर्यंतची गावं आज पाहत आहेत.